ताटातले नाव आणि कचेरीतले नाव

तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागात कार्यांची गर्दी उसळते. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, हुमनाबाद, तिकडे आळंद आणि अफजलपूर, कुठेही जा, मंगल कार्यालय सहा-सहा महिने आधी ठरलेले असते. आचारी, बँड, मंडप, घोडा, पत्रिका, मानपानाची लुगडी या प्रत्येक गोष्टीवर घरातली चार वडीलधारी माणसे तासन् तास बसतात. लग्नाची सरकारदरबारी नोंद कोणी करायची, कधी करायची आणि मुलीचे नाव त्यात काय लिहायचे, यावर मात्र एक मिनिटही जात नाही. आमच्या मते या भागातल्या मराठी माणसाला ही बेफिकिरी इतर कोणाहीपेक्षा महाग पडते.

का, ते समजायला फार मागे जावे लागत नाही. निजामाच्या राज्यात बिदर हा एकच जिल्हा होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर, भालकी, औराद, हुमनाबाद ही सगळी त्याच्याच पोटात. उदगीरची मुलगी भालकीत देणे म्हणजे शेजारच्या तालुक्यात देणे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, औराद-भालकी-बिदर म्हैसुरात आले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात पडले. सोयरीक मात्र कोणी तोडली नाही, आणि तोडायचीही नव्हती. कुलदैवत तुळजापूरचे, खंडोबा खानापूरचा, दत्त गाणगापूरचा, बाजार उदगीरचा, आणि व्याही देवणीला नाहीतर उमरग्याला. म्हणजे आपल्या घरांतली कितीतरी लग्ने ही कागदाच्या दृष्टीने परराज्यातली लग्ने आहेत. मुलीचा शाळेचा दाखला मराठीत, सासरचे रेशनकार्ड कानडीत, जन्माची नोंद एका राज्यात आणि मतदारयादी दुसऱ्या राज्यात. या दोन दप्तरांना जोडणारा कागद एकच, तो म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. तोच आपण काढत नाही.

जुन्या माणसांचे म्हणणे आम्ही ऐकून आहोत. आमच्या आजोबांनी कुठे नोंद केली होती? अग्नीची साक्ष, ब्राह्मणाची साक्ष, पंचक्रोशीची साक्ष, आणखी काय हवे? त्यात खोटे काही नाही. हिंदू विवाह कायदा १९५५चा. त्याच्या आठव्या कलमातच लिहिले आहे की नोंद झाली नाही म्हणून लग्न रद्द ठरत नाही. सातव्या कलमानुसार लग्न लागते ते वधू किंवा वराकडच्या रूढीच्या विधीने, आणि त्या विधीत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला ते पूर्ण होते. विधीला कायदा मान देतोच. २०२४च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट बाजूही स्पष्ट केली. एका जोडप्याने विधी न करताच कुठल्याशा संस्थेचा दाखला मिळवून नोंदणी केली होती. न्यायालय म्हणाले की विधीच झाला नाही, तर या कागदाने हिंदू विवाह होत नाही. तेव्हा लग्न विधीने लागते हे कबूल. पण लागलेले लग्न वीस वर्षांनी परक्या कचेरीत सिद्ध करायची वेळ आली, तर पंचक्रोशी तिथे येत नाही. मुसलमान शेजाऱ्यांकडे काझीचे दप्तर होते, निकाहनामा होता. आपल्याकडे हळदीकुंकू लावलेली पत्रिका होती, आणि तीही पुढे ट्रंकेत वाळवीने खाल्ली.

शिवाय नोंदणी आता ऐच्छिकही नाही. कर्नाटकाने त्यासाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात १९९८चा कायदा आहे. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना विवाह नोंदणी सक्तीची करायला सांगितले. महाराष्ट्राच्या बाजूला गावपातळीवर ग्रामपंचायतीत काम होते, इकडे मुख्यतः तालुक्याच्या उपनिबंधक कचेरीत, म्हणजे जिथे जमिनीची खरेदीखते होतात तिथेच. लागते काय? दोघांच्या वयाचे आणि रहिवासाचे पुरावे, पत्रिका, लग्नविधीचा फोटो, आणि साक्षीदार म्हणून तिघे आपापली ओळखपत्रे घेऊन. २०२४ पासून कर्नाटकात कावेरी २.० या संगणक प्रणालीवरून घरबसल्या अर्ज करण्याचीही सोय झाली आहे. एवढे सारे सोपे असूनही लोक अडतात, आणि अडतात ते नावापाशी.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

नवी सून घरात आली की ताटात तांदूळ पसरून त्यावर तिचे नवे नाव लिहायची आपली रीत. माहेरची सुनीता सासरी येऊन ‘वैष्णवी’ होते. पेढे वाटले जातात, नाव घेतले जाते, सगळे कसे गोड. त्या नावाने तिला घरात हाक मारा, देव्हाऱ्यासमोर मारा, आमची काही हरकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सासरे रेशनकार्डावर तेच नाव चढवतात. तिसऱ्या महिन्यात मतदारयादीत तेच जाते, पुढे बँकेत जाते. आणि एका बाईच्या दोन बाया होतात. कोणताही कायदा लग्नानंतर मुलीने पहिले नाव किंवा आडनाव बदलावे असे सांगत नाही, हे आमच्या अनेक वाचकांना ठाऊक नसते. बदलले नाही तर काहीही बिघडत नाही. बदलले, आणि सगळीकडे सारखे बदलले नाही, तर मात्र पुष्कळ बिघडते.

समजा, उदगीरकडची सुनीता भालकीला दिली. वडील वारले. २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि ११ ऑगस्ट २०२०च्या विनिता शर्मा निकालाने तो हक्क जन्मापासूनच असल्याचे पक्के केले. भाऊ चांगला आहे, वारसनोंदीत बहिणीचे नाव लावा म्हणतो. पण तलाठ्यापुढे उभी राहिलेली बाई आधारकार्डावर वैष्णवी आहे, आणि दाखल्यावर सुनीता. मधला दुवा सांगणारा कागद नाही. भाऊ चांगला नसला, तर त्याला आयतेच कारण मिळाले. तिकडे सासरी नवरा गेला, तर पहाणीवर नाव लागताना, विधवा वेतन मागताना, विम्याचे पैसे घेताना हाच प्रश्न कानडीतून विचारला जातो.

योजनांचेही तेच. कर्नाटकात २०२३ साली गृहलक्ष्मी सुरू झाली, महिना २,००० रुपये, आणि ते रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या खात्यात. २०२४ साली महाराष्ट्राने लाडकी बहीण आणली, तेव्हा परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रात लग्न होऊन आलेल्या बाईला नवऱ्याच्या दाखल्यांवर पात्र धरले. म्हणजे भालकीची लेक उदगीरला सून असेल, तर ती अमक्याची बायको आहे हे तिला दाखवता आले पाहिजे. ज्या घरांनी कागद केला होता, त्या घरांतल्या बायका निर्धास्त राहिल्या.

नावाच्या गोंधळाला इथे आणखी एक पदर आहे, तो पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगूनही कळणार नाही. आपला ज्ञानेश्वर उदगीरच्या शाळेत इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ने लिहिला जातो आणि इकडे ‘जे-एन’ने. तिकडे आडनाव, नाव, वडिलांचे नाव असा क्रम. इकडे नाव आणि पुढे-मागे एखादे आद्याक्षर. कधी आडनावाच्या जागी गावच. संगणकाला हा इतिहास माहीत नाही, त्याला ही दोन माणसे वाटतात. त्यामुळे सुपारी फुटली की पहिले काम हे करा: दोघांचे दहावीचे प्रमाणपत्र आणि आधारकार्ड शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर आधार दुरुस्त करून घ्या, आणि मगच पत्रिका छापायला द्या.

पत्रिकेबद्दल आमचे मत काहींना रुचणार नाही. पत्रिका मराठीतच असावी, त्यात तडजोड नको. पण वधूवरांची पूर्ण नावे, तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता एवढे खालच्या कोपऱ्यात कानडीत किंवा इंग्रजीत छापायला काय हरकत आहे? कचेरीतल्या कारकुनाला मराठी येत नसेल, तर अडून बसायला त्याला निमित्त राहत नाही. यात अभिमान गेला असे कोणी म्हणेल, तर त्याला आम्ही सांगू की अभिमानाचे काम दुसरीकडे पडून आहे. राज्यघटनेच्या ३५०व्या कलमानुसार तक्रारीचे निवेदन राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार आहे. १९६१च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले होते की जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध व्हावेत. मराठी वस्ती दाट असलेल्या आपल्या तालुक्यांतल्या उपनिबंधक कचेरीत विवाह नोंदणीची माहिती मराठीत लावा, ही मागणी त्यातूनच निघते. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. भिंतीवरच्या एका फलकासाठी त्याची वाट पाहायचे कारण नाही.

वयाच्या बाबतीत तर कुरकुर करायला जागाच नाही. मुलगी १८, मुलगा २१. इतर राज्यांत बालविवाह सर्वसाधारणपणे ‘रद्द करून घेता येणारा’ असतो. कर्नाटकाने २०१७ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने तो मुळातच रद्दबातल ठरवला आहे, म्हणजे ते लग्न झालेच नाही. पालक तर सापडतातच, पण विधी लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दाखल्यावर सहा महिने कमी आहेत, पाहुण्याच्या गावी नेऊन उरकून टाकू, असा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक गावात आहेत. त्यांचे ऐकू नका.

नात्याचेही पाहावे. मामाच्या मुलीशी लग्न आपल्यात रूढीने चालते, आणि कायदा रूढी मानतो. मामा-भाचीचे लग्न शेजारच्या काही समाजांत रूढ आहे. आपल्या घरांत भाचीला लेक मानतात, तेव्हा त्या वाटेला जाणाऱ्याला आमच्यात रूढी आहे असे सांगता येणार नाही.

जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न ठरले, तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात ३० दिवस रहिवास, नंतर ३० दिवसांची नोटीस, आणि तीन साक्षीदार. ही नोटीस कचेरीत लागते आणि तिथूनच अनेकदा घरी आग लागते. बाराव्या शतकात याच कल्याणात हरळय्या आणि मधुवरस यांच्या मुलांचे लग्न लागले आणि त्यापायी बापांना प्राण गमवावे लागले, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या बसवण्णांच्या जयंतीला पुतळ्याला हार घालायचा आणि घरच्या मुलीच्या नोटिशीवर हरकत घ्यायला माणूस पाठवायचा, हे आम्हाला पटत नाही.

राहता राहिली यादी. ‘यादी पे शादी’ ही आपली जुनी पद्धत, सोयऱ्यांनी बसून कोणी काय करायचे ते कागदावर उतरवायचे. त्यात हुंडा असला, तर तो कागद म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा आहे. १९६१च्या कायद्यात देणारा आणि घेणारा दोघांनाही किमान पाच वर्षांची शिक्षा सांगितली आहे. पण दुसरी एक यादी कायदाच मागतो, आणि ती कोणी करत नाही. १९८५च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची एक आणि वराला मिळालेल्या भेटींची एक, वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत आणि देणाऱ्याचे नाव लिहून, दोघांच्या सह्यांनी ठेवायची असते. आजीने घातलेली पाटली आणि मामाने दिलेली ठुशी त्या यादीत असली, तर पुढे ती कोणाची होती यावर वाद उरत नाही.

फोटोग्राफरला एक सूचना आवर्जून द्या. अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीकडे वळतात, कॅमेराही त्यांच्यामागे जातो, आणि सप्तपदी कोपऱ्यात उरकली जाते. जेवणाऱ्यांचे तीनशे फोटो आणि सात पावलांचा एकही नाही, असे अल्बम आम्ही पाहिले आहेत. मंगळसूत्र, सप्तपदी आणि दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा फोटो कचेरीसाठी लागतो.

ज्यांची लग्ने वीस-तीस वर्षांपूर्वी झाली, त्यांनाही नोंद करता येते. मात्र अर्जावर दोघांच्या सह्या लागतात, म्हणून दोघेही हयात आणि हिंडतेफिरते असताना हे काम करून घ्यावे. त्या वेळी बायकोची दोन नावे असतील, तर ‘उर्फ’ घालून प्रतिज्ञापत्र करून घ्यावे आणि दाखल्याच्या चार साक्षांकित प्रती काढून एक माहेरी द्यावी. नव्या लग्नांना आमचे सांगणे एवढेच की सोळाव्याला जोडपे माहेरी जायच्या आत तालुक्याला जाऊन यावे. तिन्ही साक्षीदार तेव्हा घरातच असतात. मामा मुंबईला परतले की पुढच्या सुट्टीपर्यंत हाती लागत नाहीत.