मुठेकाठून पर्वतीवर

१/ पुण्यातील वारसा-फेऱ्या बहुधा शनिवारवाड्यापासून निघतात आणि पेठांतच संपतात. इतिहासप्रेमींच्या गटांनी ओंकारेश्वरापासून मुठेच्या काठाने लकडी पुलापर्यंत जावे व तेथून पर्वती चढावी.

२/ पानिपतच्या पराभवानंतर खचलेल्या नानासाहेब पेशव्यांचे जून १७६१ मध्ये पर्वतीवरच निधन झाले. ही कथा सर्वांना ठाऊक असते. तिच्यानंतर दोन शतकांनी घडलेली कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

३/ १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचा बांधही टिकला नाही; नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पुढे पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून पर्वतीच्या पायथ्याशी सहकारनगरासारख्या वसाहती वाढल्या. नदीकडून टेकडीकडे जाणारी ही वाट म्हणजे शहराच्या स्थलांतराचीच वाट होय.

४/ वाड्यांतून सत्तेचा इतिहास कळतो. सामान्य पुणेकर कोठून उठला आणि कोठे वसला, हे या चढणीवर कळते. आज नदीपात्र आणि टेकड्यांचे उतार, दोहोंवर बांधकामाचा दाब आहे. ज्याने हा उतार पायांखाली घातला आहे, तो नव्या आराखड्यापुढे पहिला प्रश्न हाच विचारील : पाणी जाणार कोठे?