चार वेगवान मित्रांना पेलोटॉन म्हणू नका

रविवारी पहाटे कात्रजचा जुना घाट चढताना मी ग्रुपच्या मागे पडले. वर पोचले तर तिथे कुणीच नव्हतं. चहा पिऊन मंडळी पुढे गेलेली. व्हॉट्सॲपवर फोटो मात्र पडला होता : 'आपलं पेलोटॉन!' मी मागे पडले, ठीक आहे. माझं भांडण त्या शब्दाशी आहे.

पेलोटॉन हा फ्रेंच शब्द. मूळ अर्थ छोटा गोळा. सैन्यातली 'प्लाटून' त्यातूनच आली. सायकल शर्यतीतल्या मुख्य घोळक्याला हे नाव मिळालं. पण नुसती गर्दी म्हणजे पेलोटॉन नव्हे. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढचा वारा खातो, मागच्याचं ओझं हलकं होतं. बर्ट ब्लोकेन यांच्या चमूने २०१८ मध्ये १२१ जणांच्या घोळक्याचा अभ्यास केला. आत खोलवर असलेल्याला एकट्या स्वाराच्या जेमतेम ५ ते १० टक्के हवेचा विरोध झेलावा लागतो, असं त्यात दिसलं. म्हणून तर पळून गेलेल्याला गाठायचं असलं की प्रतिस्पर्धी संघसुद्धा आळीपाळीने पुढे येतात.

तुम्ही म्हणाल, डोंगरात तेही मागच्यांना सोडतातच. सोडतात. पण मागे पडलेल्यांसाठीही सायकलिंगकडे शब्द आहे : ग्रुपेटो. इटालियनमध्ये 'छोटा गट'. फ्रेंच लोक त्याला चक्क 'बस' म्हणतात. विजेत्याच्या वेळेवरून ठरलेल्या मर्यादेत पोचलं नाही तर स्पर्धेतून बाद, म्हणून हे सगळे एकमेकांना धरून चढतात. २०११ च्या टूर द फ्रान्समध्ये गालिबिए घाटावर अँडी श्लेक जिंकला, तेव्हा ८८ जण वेळेबाहेर पोचले. इतक्यांना घरी कसं पाठवणार? सगळ्यांना पुढे खेळू दिलं. त्यांतल्या मार्क कॅव्हेंडिशचे २० गुण कापले गेले, तरी पॅरिसला हिरवी जर्सी त्यानेच घातली. त्या दिवशी तो एकटाच उशिरा पोचला असता तर बहुधा घरी गेला असता.

तिथे पोटापाण्याचा प्रश्न असतो, तरी लोक थांबून एकमेकांना धरतात. आपल्याला तर संध्याकाळी स्ट्राव्हावर टाकण्यापलीकडे काहीच जिंकायचं नसतं. मग घाई कसली?

पुढे जायचं तर खुशाल जा. फक्त मग स्वतःला 'चार वेगवान मित्र' म्हणा. पेलोटॉन म्हणवायचं असेल तर आधी माझ्यासाठी थोडा वारा खा.