हलगी वाजली की



येत्या चैत्रात आंबिवलीच्या शेजारच्या गावाची जत्रा आहे. जत्रेत कुस्त्यांचा फड आहे आणि त्या फडात आमच्या आळीतल्या पोराची कुस्ती मुरबाडकडच्या पैलवानाशी ठरली आहे. मला आतापासूनच झोप नाही! तसा मी काही जाणकार नव्हे. उभ्या जन्मात लंगोट कसला नाही. ढाक कुठला नि कलाजंग कुठला, हे अजून शेजारच्याला विचारावे लागते. पण हलगी कडाडली की पाय घरात ठरत नाहीत.

लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून फड पाहिले. आधी रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या पोराटोरांच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, अखेरीस मोठी जोड. लोक भाकरी बांधून येत. शेवटची कुस्ती निकाली झाल्याखेरीज कुणी धोतर झटकून उठत नसे. गेल्या वर्षी एका फडाला गेलो, तर अर्धा वेळ सत्कारात आणि भाषणांत गेला. खरी झुंज लागली तेव्हा हौद्याभोवतीचे कडे विरळ झाले होते. माणसे ऑर्केस्ट्राच्या मांडवात जाऊन बसली होती.

वरच्या पातळीवर तरी काय वेगळे आहे? महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासूनची. त्या गदेचा मान केवढा! पण संघटनांच्या भांडणापायी २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक पुण्याकडे फुलगावला आणि दुसरा धाराशिवला. २०२५ साली अहिल्यानगरला निकालावरून पैलवान पंचाच्या अंगावर गेला आणि दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. तिकडे मुष्टियुद्धातही हीच तऱ्हा. एका वजनाला चार संघटनांचे चार जगज्जेते असू शकतात. आमच्यासारख्या साध्या माणसाने टाळी वाजवावी ती कुणासाठी?

तरी मला वाटते, कुस्ती खचते ती या भांडणांनी नव्हे. ती खचते घरातल्या चुलीपाशी. आमचा पोरगा पहाटे चारला उठून तालमीत माती उकरतो, जोर-बैठका काढतो आणि आठची लोकल धरून कामाला जातो. पूर्वी या भागात शेतीला कारखान्याच्या पगाराची जोड होती. मोहन्याचा रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. भाताच्या खाचरांवर इमारती चढल्या. खुराक मात्र मागे हटत नाही. दूध, तूप, बदाम रोज लागतातच. परवा त्याची आई म्हणाली, "भावजी, म्हैस एक आणि तोंडं पाच. यंदाची जत्रा झाली की बस्स. मग त्याने नोकरीचंच बघावं." तिचे काय चुकले, सांगा बरे?

खाशाबा जाधवांची गोष्ट तुम्हांला ठाऊकच असेल. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा शेतकऱ्याचा मुलगा १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांना तिथवर पोचवायला लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने मारून ते देणे फेडले. त्या पदकात किती घरांचे दूध नि किती खिशांतले रुपये असतील, विचार करा.

आपण घर गहाण ठेवावे असे कुणी म्हणत नाही. पण दहा घरांनी आळीपाळीने लिटरभर दूध दिले, तर एक पोरगा वर्षभर तालमीत टिकतो. आमच्या आळीत सहा घरे तयार झाली आहेत. चार हवीत. तुमच्या गावात असा पोरगा असेल, तर एकदा त्याच्या आईला विचारून पाहा. आणि जत्रेला गेलात तर रेवडीवरच्या कुस्तीपासून बसा, मोठी जोड सुटेपर्यंत उठू नका.

काल पोराला विचारले, "काय रे, भीती वाटते का?" तो हसला. म्हणाला, "काका, हरलो तर माती झाडून उठेन. तुम्ही तेवढे शेवटपर्यंत थांबा."

थांबणार आहे. निकाल पुढे कळवीनच.