जाण्याआधी परतीचा रस्ता ठरवा

लढाई चालू असलेल्या मुलखात मजुरी दुप्पट मिळते, माल स्वस्त पडतो, असे सांगणारा एखादा एजंट प्रत्येक मोहल्ल्यात भेटतो. ‘अल्लाह मालिक है’ म्हणून आपला माणूस निघतो. अल्लाह मालिक आहेच, पण उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

सुदानचेच पाहा. डिंक आणि तिळाचा हा मोठा बाजार. ओमदुरमानमध्ये गुजराती व्यापाऱ्यांची वस्ती शंभर वर्षांहून जुनी. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई जुंपली आणि विमानतळ बंद पडला. केरळचा एक भारतीय स्वतःच्या घरात, खिडकीपाशी असताना गोळी लागून मरण पावला. जडीबुटी आणि तेल विकायला गेलेले कर्नाटकातील हक्कीपिक्की जमातीचे लोक अल-फाशरसारख्या दूरच्या शहरात अडकले. भारत सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून साडेतीन हजारांवर लोक बाहेर काढले. बहुतेकांना बसने ८०० किलोमीटरहून अधिक अंतर कापून पोर्ट सुदान गाठावे लागले. तेथून जेद्दाह आणि मग मायदेश.

अशा वेळी दूतावास यादीवरून माणसे शोधतो. यादीत नाव नाही त्याचा ठावठिकाणा कोणाला कळणार? व्हिजिट व्हिसावर जाऊन काम करणारे आपले कारागीर ‘पकडले जाऊ’ या भीतीने नाव नोंदवत नाहीत. माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच आहे. मुळात कामाला जायचे तर कामाच्याच व्हिसावर जावे, आणि पोहोचताच दूतावासात नाव, पत्ता, फोन नोंदवावा. पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवू नये. त्याची एक प्रत अंगावर आणि एक घरी असावी. थोडी रोकड, औषधे आणि काही दिवसांचे पाणी जवळ असावे. गोळीबार सुरू झाला की गच्चीवर जाऊन तमाशा पाहू नये. खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत बसावे.

एक शहर शांत दिसले म्हणून देश सुरक्षित झाला असे मानू नये. २०२३ मध्ये ज्या पोर्ट सुदानने लोकांना आसरा दिला, त्याच्यावरच मे २०२५ मध्ये ड्रोनचे हल्ले झाले. मार्च २०२५ मध्ये लष्कराने खार्तूम परत घेतले, तर त्याच वर्षी ऑक्टोबरात अल-फाशर निमलष्करी दलाच्या हाती गेले.

व्यापाऱ्यांनी विम्याचे कागदही नीट वाचावेत. प्रवासाच्या साध्या विम्यात युद्धाचे नुकसान बहुधा धरलेले नसते. मालासाठी युद्धाचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तोही सर्वसाधारणपणे माल जहाजावर असेपर्यंतच चालतो. गोदामात जळालेल्या मालाचे पैसे मिळतील या भरवशावर राहू नये.

कुरआनशरीफात उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. निघण्यापूर्वी कोणाचे देणे, कोणाकडून येणे हे लिहून घरच्यांच्या हाती द्यावे. वसियत लिहिणे हा अपशकुन नव्हे, ती जबाबदारी आहे.

‘घरची चूल पेटत नाही म्हणून जातो’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि हलाल रोजीसाठी सफर करणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. पण कमावता माणूसच परतला नाही तर ती चूल कोण पेटवणार? म्हणून प्रत्येक गावच्या जमातीने एक वही ठेवावी. कोण कोणत्या देशात, कोणाकडे, कोणत्या व्हिसावर गेला, याची त्यात नोंद असावी. खर्च एका वहीचा. पण अडीअडचणीला सरकारदरबारी नाव घेऊन उभे राहायला तीच उपयोगी पडेल.