औषधाआधी पत्रा बघा

उन्हाळ्यात रेशमाची बॅच फेल गेली की चौकशी सुरू होते ती औषधापासून. पावडर कोणती मारली, किती मारली, अंडीपुंज कुठले, चॉकी म्हणजे लहान अळ्या कुणाकडून उचलल्या. तापलेल्या पत्र्याकडे मान वर करून कुणी बघत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये अळ्या हातच्या जातात त्या आधी छपरापायी, मग पाल्यापायी, असे माझे स्पष्ट मत आहे. औषधाचा नंबर त्यानंतर.

आपण वाढवतो ते पांढऱ्या कोषाचे दुबार संकरित वाण. त्यातले सीएसआर वाण म्हैसूरच्या संशोधन संस्थेत जपानी सहकार्यातून तयार झाले. धागा लांब, बाजारात भाव बरा, पण नखरे भारी. लहान अळीला 26 ते 28 अंश आणि भरपूर ओल लागते, तर मोठीला 24-25 अंशांची मोकळी हवा. जालना-बीडकडे मेमध्ये सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो, उघड्या पत्र्याखाली तर विचारूच नका. अळीला अंगाचे तापमान राखता येत नाही, हवा तापेल तशी तीही तापते. मग खाणे पुरते होण्याआधीच ती पिकते आणि कोष हलका भरतो.

छपराचा इलाज खर्चिक नाही. पत्र्याला चुन्याचा पांढरा हात द्यावा, वर पाचटाचा किंवा तुराट्यांचा जाड थर टाकावा आणि त्यावर ठिबकची जुनी नळी सोडावी. शेडनेट लावायचे तर पत्र्याला चिकटवून नको, मधून वारा खेळला पाहिजे. खिडक्यांना ओले बारदान हवेच. रॅकचा सगळ्यात वरचा मजला या दोन महिन्यांत रिकामा ठेवावा, कारण गरम हवा तिथेच कोंडते.

आता फॉगरबद्दल. कोरड्या हवेत फॉगरने गारवा येतो, यात वाद नाही. पण पाचव्या अवस्थेत, म्हणजे चौथी कात टाकल्यानंतर, अळी साऱ्या आयुष्यातला चार पंचमांश पाला खाते. शंभर अंडीपुंजांच्या 40-45 हजार अळ्या, त्यांची विष्ठा, खाऊन उरलेल्या फांद्या, या सगळ्यातून वाफ निघत असते. अशा वेळी दारे-खिडक्या बंद करून फॉगर चालू ठेवला की शेडमध्ये वाफारा घेतल्यासारखे होते. काट्यावर तापमान उतरलेले दिसते, शेतकरी निर्धास्त होतो आणि तिकडे विष्ठा मऊ पडायला लागते. ती फ्लॅचरी रोगाची वर्दी समजावी. फॉगर थोडा वेळ चालवावा, बंद करावा आणि वारा आरपार जाऊ द्यावा. कोष विणताना तर ओल नकोच. चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, दमट हवा साचली तर कोषाचा धागा नीट उलगडत नाही.

ग्रासरी या विषाणूजन्य रोगाचेही असेच. विषाणू जुन्या शेडमध्ये, रॅकच्या सांध्यात दबा धरून असतो आणि उष्णतेने अळी खचली की डोके वर काढतो. अळीच्या अंगावरच्या वळ्या सुजतात, कातडी चकाकते, ती न खाता रॅकच्या कडेकडेने फिरत राहते. पायाला टोचले तर दुधासारखा द्रव येतो. अशी अळी दिसताक्षणी उचलून चुन्याच्या पाण्यात टाकावी. तिचा द्रव पाल्यावर सांडला की शेजारच्या अळ्याही गेल्याच. बेडवरची पावडर आणि दोन बॅचमधले निर्जंतुकीकरण सोडा, असे मी म्हणत नाही. पण तापलेल्या शेडमध्ये पावडरीचा दुप्पट डोस हा पैशाचा धूर आहे.

राहिला पाला. रेशीम अळी पाणी पीत नाही. तिला लागणारे सगळे पाणी पाल्यातून मिळते. म्हणजे सुकलेला पाला घातला तर ती उपाशीही राहते आणि तहानलेलीही. फांद्या ऊन चढायच्या आत कापाव्यात, सावलीत उभ्या करून ओल्या गोणपाटाने झाकाव्यात. दुपारचे खाद्य हलके, रात्रीचे आणि पहाटेचे भरपूर. आणि विहिरीला तासभरच पाणी असेल तर दोनशे अंडीपुंजांचा हट्ट धरू नये. मे महिन्यात शंभर घ्यावेत, नाहीतर बॅच सोडून शेड धुऊन तापू द्यावे. हप्ता थकतो म्हणून घेतलेली भरगच्च बॅच बहुधा हप्त्यालाही पुरत नाही.

नवे शेड बांधणाऱ्यांनी लांबी पूर्व-पश्चिम धरावी आणि पश्चिमेला शेवगा लावावा, तो लवकर वाढतो. अनुदानासाठी पाहणीला येणाऱ्या साहेबांना एक विनंती. टेपने लांबी-रुंदी मोजाच, पण जमल्यास दुपारी दोनला या आणि थर्मामीटर वरच्या रॅकवर ठेवून बघा.