तपास कुणाकडे, हे ठरवणार कोण?

एनआयएवर, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेवर, पहिला आक्षेप राज्यांचा कैवार घेणाऱ्यांचा. पोलीस हा राज्यांचा विषय, मग केंद्राची लुडबुड कशाला? छत्तीसगड सरकारने 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो याच मुद्द्यावर.

त्यांनी मालेगाव आठवावे. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, तिथे स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे गेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुस्लिमांना आरोपी केले. सीबीआयने तीच री ओढली. 2011 मध्ये तपास एनआयएकडे गेला आणि 2013 च्या आरोपपत्रात भलतीच नावे आली. आधीच्यांपैकी बहुतेकांना जामीन मिळेपर्यंत पाच वर्षे गेली होती. आरोपमुक्तीला 2016 उजाडले. पथकाची चूक पथकानेच निस्तरली असती, यावर माझा तरी विश्वास नाही. शिवाय 26/11 च्या मुंबई हल्ल्याच्या कटातील आरोपी हेडलीची चौकशी करायला 2010 मध्ये अमेरिकेत गेले ते एनआयएचेच पथक. हे काम कुठल्या पोलीस ठाण्याने करायचे?

इथवर ऐकून दुसरा पक्ष खूश होतो. त्याचे म्हणणे, यंत्रणेचा दोषसिद्धीचा दर नव्वद टक्क्यांच्या वर आहे, तेव्हा प्रश्न विचारूच नका. पण यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली जामीन किती दुर्मीळ, हे वकिलांना विचारा. वर्षानुवर्षे कोठडीत पिचलेला माणूस गुन्हा कबूल करून मोकळा होतो, तोही याच टक्केवारीत बसतो. आणि पुन्हा मालेगावच घ्या. 29 सप्टेंबर 2008 च्या स्फोटात सहा जण मेले. पथकाने लावलेला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, एनआयएने 2016 मध्ये काढला, आरोपी साध्वी प्रज्ञासिंह यांच्याविरुद्ध पुरेसा पुरावा नाही असे सांगितले. प्रज्ञासिंह यांच्याबाबतचे हे म्हणणे न मानता न्यायालयाने त्यांच्यावरही खटला चालवला. 31 जुलै 2025 रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. एनआयए कायद्यात खटला रोजच्या रोज चालवावा असे कलम आहे. इथे निकालाला सतरा वर्षे जवळ आली. मेलेल्यांच्या नातेवाइकांना टक्केवारी दाखवून काय सांगणार?

एकाच गावच्या दोन प्रकरणांत एकाच यंत्रणेने आधीचा तपास फिरवला. पहिल्या वेळी एका पक्षाने टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या वेळी दुसऱ्याने. मला दोन्ही टाळ्या संशयास्पद वाटतात.

रोग आहे तो एनआयए कायद्याच्या कलम 6 मध्ये. केंद्राला वाटले की राज्याला न विचारताही कायद्याच्या अनुसूचीतला कोणताही गुन्हा एनआयएकडे सोपवता येतो. माओवादी संबंधांचा आरोप असलेल्या एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी आरोपपत्रे दाखल केली, तेव्हा केंद्राला काही सुचले नाही. जानेवारी 2020 मध्ये राज्यातल्या नव्या सरकारने तपासाचा आढावा घ्यायला घेतला आणि लगेच प्रकरण एनआयएकडे गेले. सीबीआयचा संचालक निवडताना निदान पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश एकत्र बसतात. एनआयएचा महासंचालक नेमायला कायद्याने अशी समिती नाही, सरकार नेमते.

म्हणून यंत्रणा राहावीच, पण तिच्या महासंचालकालाही ती समिती लावा. प्रकरण राज्याकडून काढून घेताना कारणे लेखी द्या आणि ती विशेष न्यायालयापुढे ठेवा. गोपनीयतेची सबब चालणार नाही. न्यायाधीशांना ती बंद लिफाफ्यात देता येतात. तातडी असेल तर तपास आधी सुरू होऊ दे, कारणे पंधरा दिवसांत येऊ देत. राज्याचा अहवाल आल्यावर निर्णय घ्यायला हाच कायदा केंद्राला तेवढेच दिवस देतो.