सीझिनकोट: घुमटाआड दडलेला हिशेब

१/३
इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधील सीझिनकोट हवेली म्हणजे भारतीय कलेचा विजय, असे अभिमानाने सांगितले जाते. हा अभिमान भाबडा आहे.

२/३
तांब्याचा कांदाकृती घुमट, छत्र्या, रुंद छज्जे, बागेतील पुलावर नंदी: बाहेरून सारा भारतीय थाट. दार ओलांडताच मात्र दालने युरोपीय अभिजात शैलीची. भारत केवळ पोशाखापुरता!

३/३
१८०५ च्या सुमारास ती बांधवून घेणारा चार्ल्स कॉकरेल कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत धनाढ्य झाला होता. आराखडा भारत कधीही न पाहिलेल्या त्याच्या भावाचा, सॅम्युअलचा. आधार चित्रकार थॉमस डॅनियलचा. ज्या देशातून संपत्ती आणली, त्याचीच वास्तुचिन्हे मिरवण्याला आदर कसे म्हणावे? घुमटाचे कौतुक जरूर करावे. पण तो कोणाच्या पैशावर उभा राहिला, हे आधी विचारावे.